राखून ठेवलेलं मत

कपात साधारण चाळीस मिलिलिटर चहा उरला होता. त्यावर साय धरली होती आणि सायीला मधोमध एक घडी पडली होती. कप खाटेच्या पायाशी, भिंतीपासून वीतभर अंतरावर होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले होते, कारण खाटेवर बघायचं धैर्य मला होत नव्हतं.

खाटेवर माझा थोरला भाऊ अरविंद होता. छत्तीस वर्षांचा. ताप-सर्दी सोडली तर त्यानं कधी दुखणं पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन, नाडी बघून, मान हलवून गेले होते. खोलीत आई होती, आमचे वडील आण्णा होते, भुजंगमामा होते, शेजारपाजारची माणसं होती आणि दाराच्या चौकटीला धरून हेमावहिनी उभ्या होत्या. शेजारच्या एक काकू खाट सरकवायची म्हणून कप उचलायला वाकल्या.

"कपाला हात लावू नका," मी म्हणाले.

आणि मी पुढे होऊन त्या कपावर बशी झाकली.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. काय झालं ते कळेपर्यंत नमुना ओतायचा नाही, झाकून ठेवायचा, हे दरवर्षी नव्या मुलांना सांगत होते. त्या वाक्यामागे तेवढंच होतं. पण खोलीत तेव्हा, मी आणि वहिनी सोडून, अकरा माणसं होती. अकराही जणांनी आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी वहिनींकडे मान वळवली.

चहा त्यांनीच आणून दिला होता.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली.

आमचं गाव यंत्रमागांचं. सांगली आणि कोल्हापूरच्या मधलं. घराच्या पुढच्या भागात आमचे बारा माग, मागच्या भागात आम्ही. घराला दुसरं दार नव्हतं. कुणालाही बाहेर जायचं तर मागांच्या दोन रांगांमधल्या बोळातून, तेलानं चिकट झालेल्या फरशीवरून जावं लागे. त्या वर्षी भारनियमन होतं. दुपारी बाराला लाईट जायची आणि तीनच्या सुमारास यायची. लाईट गेली की खरं तर मेन स्विच बंद करायचा असतो. आम्ही तो तसाच ठेवत असू, माग सुरू करायचे दांडेही ओढलेलेच ठेवत असू, म्हणजे लाईट येताक्षणी बाराही माग आपोआप सुरू व्हावेत. एक मिनिट वाया जाऊ नये, हा दादाचाच नियम. त्या तीन तासांत तो मागांच्या शेजारच्या खोलीत खाट टाकून झोपायचा.

वहिनींनी पोलिसांना जे सांगितलं ते असं: "मी चहा दिला, त्यांनी अर्धा घेतला आणि परत आडवे झाले. मी कप न्यायला आले तेवढ्यात लाईट आली. सगळे माग एकदम सुरू झाले. हे दचकून उठून बसले, माझ्याकडं बघितलं आणि मागं पडले."

त्यांनी हे चार वेळा सांगितलं, चारही वेळा शब्द तेच होते. मामा म्हणाले, "पाठ केल्यासारखं बोलतीया." मीही ते ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं.

शवविच्छेदनानंतर पोलिसांनी मराठीत एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'मृत्यूचे कारण: मत राखून ठेवले आहे. व्हिसेरा राखून ठेवला आहे.' याचा अर्थ एवढाच की व्हिसेराची, म्हणजे काढून ठेवलेल्या अवयवांची, तपासणी व्हायची आहे, कारण अजून माहीत नाही. पण आमच्याकडे व्हिसेरा हा शब्द विषाबरोबरच येतो. विष पिऊन गेलेल्या माणसाचाच व्हिसेरा ठेवतात, अशी लोकांची समजूत. कागद घरी यायच्या आधी तो शब्द गल्लीच्या टोकापर्यंत पोचला होता.

कुणी वहिनींना तोंडावर काही म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती. मागांच्या आवाजात माणसाचा आवाज चालत नाही, म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज न काढता शब्द नुसते तोंडात आकारायचे, समोरच्यानं वीस फुटांवरून वाचायचे. आम्ही भावंडं बोलायला लागायच्या आधी हे शिकलो असू. वहिनी गडहिंग्लजकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. दहा वर्षांत त्यांना ही भाषा आली नाही. त्या पाण्याला म्हणून बोळातून जायच्या आणि दोन्ही बाजूंनी कामगारांचे ओठ हलायचे. मी मागून चालत असायचे. मला सगळं वाचता येत होतं.

"हिनंच." "कपात." "मास्तरीणबाईंनी पकडलं."

मास्तरीणबाई म्हणजे मी.

रासायनिक तपासणीचा अहवाल पाचव्या महिन्यात आला. आण्णा आणि मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. विष नाही, म्हणाले. कपातही नाही, पोटातही नाही. हृदय वरकरणी ठीक होतं, मेंदूत रक्तस्राव नव्हता. कारण सापडलं नाही. "असं होतं कधी कधी," ते म्हणाले. "धडधाकट माणसाचं, अगदी शाळकरी मुलाचंसुद्धा, हृदय एकाएकी थांबून जातं आणि मागं काही खूण राहत नाही. अशा वेळी रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी कार्डिओग्राम काढून घ्यावा. मुलं आहेत त्यांना?"

"एक मुलगी आहे," मी म्हणाले. "आठ वर्षांची."

"आमच्या घरात काही न्हाई," आण्णा म्हणाले, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मला वाटलं होतं, आता संपलं. संध्याकाळी मामा आले. ते आईचे भाऊ, गल्लीतले पंच, आणि माझं लग्न जमवणारेही तेच. निपाणीचे एक प्राध्यापक होते, चाळिशीला आलेले, शांत माणूस. मी एकतीस वर्षांची होते. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा आमच्याकडे नेम. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरची तारीख बघायचं चाललं होतं.

मामांनी अहवाल दिव्याखाली धरून वाचला. मग मला विचारलं, "प्रमिला, तू शिकलेली. मला एवढंच सांग, असलं एखादं विष असतं का, जे तपासणीत गावत न्हाई?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं.

"नेहमीच्या चाचण्यांत काही सापडत नाहीत," मी म्हणाले.

"बघा," मामा आईला म्हणाले.

मी पुढे सांगत राहिले की ती विषं मिळणं अवघड, ती आपल्या गावात कुणाकडे असणं शक्य नाही, लक्षणंही जुळत नाहीत. माझी वाक्यं लांब होती आणि बरोबर होती. पहिलं वाक्य घेऊन मामा केव्हाच उठले होते. वहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. लेकीचे, केतकीचे, केस विंचरत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

पुढच्या आठवड्यात, प्रॅक्टिकल आहेत असं सांगून मी एकटी मिरजेला गेले.

तिथले हृदयरोगतज्ज्ञ वयस्क होते. त्यांनी माझा कार्डिओग्राम काढला, पट्टी टेबलावर पसरली, एक मोजपट्टी घेतली आणि मला म्हणाले, "तुम्ही सायन्सच्या ना? मग मोजा." ठोका जिथे सुरू होतो तिथपासून जिथे हृदय पुन्हा सज्ज होतं तिथपर्यंतचे छोटे चौकोन मोजायचे. एक चौकोन म्हणजे सेकंदाचे चार शतांश. मी मोजले. तेरा आले. परत मोजले.

"अकराच्या आत पाहिजेत," ते म्हणाले. "तुमच्या हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर सावरायला जास्त वेळ लागतो. एरवी काही होत नाही. पण त्या सावरायच्या वेळात मोठा धक्का बसला, एकदम मोठा आवाज झाला, तर ताल बिघडतो आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. भाऊ गेले तेव्हा काय झालं होतं?"

मी सांगितलं. वहिनींचे शब्द मला जसेच्या तसे आठवत होते. मी ते सांगत होते आणि माझ्या कानांनी ते पहिल्यांदाच ऐकत होते. सगळे माग एकदम सुरू झाले. दचकून उठून बसले. माझ्याकडं बघितलं आणि मागं पडले.

"हे कुणी पाहिलं?"

"माझ्या वहिनींनी."

"फार नीट पाहिलंय," डॉक्टर म्हणाले. "इतकं नीट सांगणारं सहसा भेटत नाही."

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी तरुणपणी अचानक गेलं का. मला कुणी आठवेना. नंतर आठवलं. आण्णांची धाकटी बहीण, ताराआत्या, सोळाव्या वर्षी गेली होती. दिवाळीत, दारात लक्ष्मीतोटा फुटला आणि ती उंबऱ्यातच पडली. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता. तिच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं: तारी धसक्यानं गेली.

डॉक्टर इंग्रजीत लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी 'धसका' हा शब्द मराठीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

"भावाला हेच होतं असं आता मला सिद्ध करता येणार नाही," ते म्हणाले. "पण माझं मत तेच आहे. तुम्हाला रोज गोळ्या घ्यायच्या आहेत. आणि त्या मुलीला आणा. तिच्यात उतरलं असण्याची शक्यता निम्मी आहे. उशीर करू नका, गोळ्यांनी हे पुष्कळ अंशी टळतं."

मी सात आठवडे उशीर केला.

कारणं मला तेव्हा सांगता आली असती. केतकीला तपासायला न्यायचं तर कशासाठी ते घरात सांगावं लागणार. सांगितलं की माझी पट्टी दाखवावी लागणार. ती मामांच्या कानावर गेली की निपाणीला गेली. मी ती पट्टी कॉलेजच्या हजेरीपुस्तकात ठेवली होती आणि गोळ्या खडूच्या डबीत. सकाळी एक, संध्याकाळी एक. रोज ठरवायचे, आज बोलायचं. घरी यायचे, बोळातून आत जायचे, दोन्हीकडे बारा माग चालू असायचे, आणि तेवढ्या आवाजात काही बोलता येत नाही हे एक कारण मला रोज पुरायचं.

त्याच दिवसांत मला दिसलं की लाईट गेली की आण्णा उठतात आणि मेन स्विच खाली ओढतात. तीन वाजता लाईट आली की एकेक माग सावकाश सुरू करतात, आणि त्याआधी केतकी कुठे आहे ते बघून येतात. ती पुढे खेळत असली तर "आजीकडं जा गं, बाळ" म्हणून आत पाठवतात.

एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. भारनियमनाची वेळ होती. आण्णा एकटेच एका मागाला तेल घालत होते.

"स्विच का बंद करता, आण्णा?"

"मोटरी जळत्यात."

"इतक्या वर्षांत एक जळली नाही."

ते पुढच्या चाकाला तेल घालायला लागले. मी पट्टी काढून मागावरच्या कापडावर पसरली. हे माझं आहे, म्हणाले, आणि आत्याला होतं ते हेच. दादालाही. आण्णा तेलाचं कॅन हातात धरून बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. मग शेजारच्या स्टुलावर बसले.

"तुला दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. गोळ्या आहेत."

"मग घे की. गपचूप घे."

"तुम्हाला माहीत होतं."

"मी उंबऱ्यात होतो तारी पडली तवा," ते म्हणाले. "माझा हात तिच्या हातात होता. आमच्या आज्याचा भाऊबी तसाच. म्हातारीनं सगळ्यांस्नी शपथ घातली होती. घरात धसका हाय म्हटल्यावर पोरगी कोण देतंय आणि कोण करून घेतंय? सांगितलं असतं तर माझं लगीन झालं असतं? तू झाली असतीस?"

"आणि वहिनींचं काय?"

"तिचा भाऊ येणार हाय न्यायला. तरणी हाय. बघतील तिचं."

"नवऱ्याला विष घातलं म्हणवून घेऊन?"

"मी म्हणालोय तसं? एकदा तरी?"

ते खरं होतं. आण्णा एकदाही म्हणाले नव्हते. आईही नाही. मीही नाही.

आण्णांनी तेलाचा डाग पडू नये म्हणून आधी बोटं सदऱ्याला पुसली आणि मग पट्टी उचलली. पट्टी माझ्या हातात दिली. "विष लोक चार वर्षांत विसरत्यात, प्रमा," ते म्हणाले. "रगात विसरत न्हाईत. तुझं उरकू दे. पोरीवर माझं ध्यान हाय. स्विच मी बंद करतोय की रोज."

"आणि तुम्ही घरात नसाल तेव्हा?"

त्यांनी कॅन उचललं आणि ते पुढच्या मागाकडे गेले.

वहिनींचा भाऊ यायचा त्याच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चहा करत होत्या, एकच कप. गेले सात महिने घरात चहाची दोन भांडी होती. आई आमचा करायची, वहिनी त्यांचा.

"मलाही ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. "चांगला विचार करून सांगा, वन्सं. पुन्हा बशी झाकायला लागायची."

मी खाली बसले. त्यांनी दुसरा कप घेतला. मला वाटलं त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी साखर किती ते विचारलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्या वेळी वाटलं होतं का, मी काही केलं असं?"

"नाही."

"नंतर?"

"नाही. कधीच नाही."

"मग आजवर सांगायला काय झालं होतं?"

मी कपाकडे बघत राहिले. वहिनींनी आपला चहा संपवला. केतकीला इथे ठेवायचं ठरतंय, म्हणाल्या. मामांनी त्यांच्या भावाला निरोप पाठवला होता: बाईला घेऊन जा, पोरगी आमच्या वंशाची, ती इथंच राहील. नाहीतर पोलिसांत पुन्हा अर्ज करू.

"तुमच्या भावानं काय उत्तर दिलं?" मी विचारलं.

"तो काय देणार? त्याच्याही दोन मुली आहेत लग्नाच्या. विषवालीचा भाऊ म्हणून त्याला किती दिवस हिंडायचं?" त्या उठल्या, दोन्ही कप विसळले. "केतकीला आवाज सोसत नाही. झोपेतून एकदम उठवू नका. हळूहळू हाक मारायची, पायाला हात लावून. गेल्या महिन्यात शाळेची घंटा झाली तेव्हा भोवळ आली होती तिला. बाईंनी सांगितलं, उपाशी असेल. उपाशी नव्हती. मीच डबा भरला होता."

मी विचारलं, पडली होती का.

"बसली खाली. ओठ पांढरे झाले होते म्हणे. मिनिटभरानं उठली." आणि मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुम्ही एकदम अशा का झालात?"

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. बाहेरून आईनं हाक मारली आणि मी उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बैठक बसली. दादाच्याच खोलीत, कारण ती मोठी होती. खाट काढून सतरंजी अंथरली होती. आण्णा भिंतीला टेकून होते. मामा मध्ये. वहिनींचा भाऊ रावसाहेब दाराजवळ, टोपी गुडघ्यावर ठेवून. उन्हातून आलेला, पाणी दिलं तरी ते नुसतं जवळ ठेवलेलं. आई आणि मी आतल्या दारात. वहिनी मागे, पिशवी भरून. माग बंद होते. इतकी शांतता होती की मामांच्या घड्याळाचा आवाज येत होता.

मामांनी सगळं व्यवस्थित मांडलं. कुणी कुणाला बोल लावायचा नाही. मागचं उकरायचं नाही. बाईनं आपल्या माहेरी सुखानं राहावं. पोरगी आजा-आजीकडे. दिवाळीला आणि मे महिन्यात आईला येऊन भेटायला मुभा.

"बरं," रावसाहेब म्हणाला. एवढंच.

"हेमा, तुला काय बोलायचं हाय?" मामांनी विचारलं.

वहिनी पुढे आल्या. "मी सात महिन्यांत काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "कारण मी बोलले ते कुणी ऐकलं नाही. आता एकच मागते. पोरीला माझ्याबरोबर येऊ द्या. मला विषवाली म्हणा, जन्मभर म्हणा, मी उलटून बोलणार नाही. पण पोरीला येऊ द्या."

रावसाहेबानं मान खाली घातली. आण्णांचा हात सतरंजीवर उगाच काहीतरी चाचपत होता. केतकी वहिनींच्या मागे त्यांच्या पदराशी खेळत उभी होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं होतं, आणि ती ते न कळल्यासारखं दाखवत होती.

"विषवालीच्या हातात पोरगी देतंय का कोण?" मामा म्हणाले, आवाज न चढवता, समजूत घातल्यासारखं. मग ते माझ्याकडे वळले. "प्रमिला, तू सांग. तू शिकलेली, तुझ्या बोलण्याला वजन हाय. पोरीनं कुठं राहावं?"

मी आण्णांकडे पाहिलं नाही, तरी ते माझ्याकडे बघतायत हे मला समजत होतं.

"प्रमा, तू आत जा," आण्णा म्हणाले.

मी उंबरा ओलांडून सतरंजीवर आले. त्या खोलीत मी फेब्रुवारीपासून पाऊल टाकलं नव्हतं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

"केतकी तिच्या आईबरोबर जाईल."

"काय म्हणालीस?"

मी परत म्हणाले, जरा मोठ्यानं. मग म्हणाले, "वहिनींनी दादाला काही दिलं नव्हतं, मामा. त्याला धसका होता. तो आजार आहे, त्याला नाव आहे, त्याची पट्टी निघते. ताराआत्याला तोच होता. मलाही आहे. ही बघा." पट्टी मी सतरंजीवर ठेवली. कुणी तिला हात लावला नाही. "केतकीलाही असणार असं मला वाटतं. तिला माग असलेल्या घरात ठेवायचं नाही. उद्या मी आणि वहिनी तिला मिरजेला नेणार, तिथून त्या माहेरी जातील. हे मला सात आठवडे माहीत आहे. मी सांगितलं नाही."

आई भिंतीला धरून खाली बसली. आण्णांनी डोळे मिटले होते. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात आभार नव्हते, आणि मला ते अपेक्षितही नव्हते. त्यांनी केतकीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

मामा हळूच म्हणाले, "अगं येडे, काय बोलतीस तुला कळतंय का? चार माणसांत बोललीस. हे निपाणीला समजलं तर?"

"लपवून मी लग्न करणार नाही, मामा," मी म्हणाले. "निपाणीला आजच कळवा."